सोमवारची कबुली

पांढरी साडी कमरेला खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यातला क्रूस उडू नये म्हणून मुठीत धरलेला. पन्नाशीची एक जोगीण शाळेच्या मैदानाला चक्कर मारतेय आणि सगळी शाळा प्रार्थनेच्या रांगांत उभी राहून मुकाट बघतेय. नव्या शाळेतला माझा पहिला सोमवार हा असा उगवला.

मी आठवीत त्या शाळेत आले होते. शेजारी एक उंच, सावळी मुलगी उभी होती. तिला मी हळूच विचारलं, "काय झालंय त्यांना?"

ओठ न हलवता ती म्हणाली, "काही नाही. सोमवार आहे."

ती सारिका. आणि धावत होत्या त्या आमच्या सिस्टर. शाळेत जोगिणी पाच-सहा होत्या, पण नुसतं 'सिस्टर' म्हटलं की ह्याच. मुख्याध्यापिकांना आम्ही मदर म्हणायचो. सिस्टर नागरिकशास्त्र शिकवायच्या, मूल्यशिक्षणाचा तास घ्यायच्या आणि शाळेच्या एनसीसी तुकडीच्या त्या अधिकारी होत्या.

प्रार्थना, प्रतिज्ञा, राष्ट्रगीत झालं की सोमवारी त्या पुढं यायच्या. माईक त्यांना कधी लागला नाही. "पोरीहो, शुक्रवारी मी आठवी 'ब'च्या एका पोरीला ढ म्हणले. ती ढ नाय. मलाच समजावता आलं नाय. एक चक्कर." एवढं बोलून पदर खोचायचा आणि धावत सुटायचं. कधी, "शिपाईमामांना मी चहा थंड आणला म्हणून बोलले. चहा गरमच होता. माझं डोकं दुखत होतं." कधी, "काल चर्चमधी प्रार्थना चालू होती अन् मी दुपारच्या मटणाचा विचार करत होते. अर्धी चक्कर." पाचवीतल्या मुली फिदीफिदी हसायच्या. मदर पायाखालच्या फरशीकडं बघत राहायच्या.

घरी सांगितलं तर बाबा हसले. आई मात्र हादरली. "बाई बाई! शिक्षकानं मुलींसमोर असं स्वतःला खाली पाडून घ्यायचं? धाक कसा राहणार?"

झालं होतं उलटंच. जी बाई स्वतःचं मटण लपवत नाही, तिच्यासमोर गृहपाठाची वही घरी विसरली असं सांगताना आमची जीभ टाळूला चिकटायची. त्या ओरडायच्या नाहीत. नुसत्या बघायच्या आणि म्हणायच्या, "बरं. सोमवारी तू सांगणार का मी सांगू?"

त्या गंगापूर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या. वडील दुसऱ्याच्या रानात राबायचे आणि गावातल्या छोट्या चर्चची घंटा वाजवायचे. इतकी वर्षं शहरात राहून, इंग्रजी शाळेत शिकवून त्यांची बोली तसूभर बदलली नव्हती. परेडच्या कमांड हिंदीत, प्रार्थना इंग्रजीत आणि बाकी सगळं गंगापुरी मराठीत. शनिवारी त्या खाकी घालायच्या. मीही तुकडीत नाव दिलं. पहिल्याच परेडला मी सवयीनं "येस सिस्टर" म्हणाले.

"खाकीत मला सिस्टर म्हणायचं नाय. मॅडम म्हणायचं."

"आणि सिस्टर?"

"सिस्टर कपाटात टांगून ठेवलीय. सोमवारी काढीन."

आमचं घर उस्मानपुऱ्यात. बाबा बँकेत. सकाळी देवपूजा, संध्याकाळी शुभंकरोति. इंग्रजी सुधारावं म्हणून मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं, पण आईच्या मनात धाकधूक होती की तिथं मुलीला बाटवतील. सिस्टरनी पहिल्याच मूल्यशिक्षणाच्या तासाला प्रत्येकीला आपापल्या घरची प्रार्थना म्हणायला लावली. माझी पाळी आली तेव्हा मी घरचं स्तोत्र एका दमात म्हणून टाकलं. त्या हात जोडून, डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर एक डोळा उघडून म्हणाल्या, "देवाची काय बस चुकतीय व्हय? परत म्हण. सावकाश."

आईला मी हे सांगितलं. बाटवण्याचा विषय त्या दिवसापासून आमच्या घरात निघाला नाही.

रमजानच्या महिन्यात परेडला त्या पाण्याच्या थेंबाला शिवत नसत. तुकडीत चार-पाच मुलींचे रोजे असायचे. कोणीतरी बाटली पुढं केली की म्हणायच्या, "त्या पोरी पेत नायत तर मी त्यांच्यासमोर घटाघटा कशी पिऊ?" त्यातल्याच एकीनं एकदा सुचवलं, "मॅडम, आप उधर जाके पी लो ना." तेव्हा त्या खरंच दुखावल्या. "उधर जाके तर चोर पेतो."

आणि सेवा. ती तर आम्हाला मिळालेली शिक्षाच वाटायची. दुसऱ्या शाळांच्या मुली वृक्षारोपण करायच्या, हातात फलक घेऊन फेऱ्या काढायच्या. आमच्या सिस्टर आम्हाला सरकारी दवाखान्यात घेऊन जायच्या. ज्यांना भेटायला कोणी येत नाही अशा पेशंटांची नखं कापायला. प्रत्येक कॅडेटच्या खिशात नेलकटर. तोवर मी माझ्या आजोबांच्या पायालाही नमस्कारापुरताच हात लावला होता. पहिल्या दिवशी माझ्या वाट्याला एक म्हातारी आली. तिची नखं वाढून वाकडी झाली होती, टाचांना चिरा होत्या, आणि वास येत होता. एक पाय कसाबसा झाला आणि मी वऱ्हांड्यात जाऊन भडाभडा ओकले. कुणीतरी पाठीवरून हात फिरवेल असं वाटत होतं. मागं सिस्टर उभ्या.

"ओकून झालं?"

मी मान हलवली.

"तोंड धू. म्हातारीचा दुसरा पाय राहिलाय."

मी इतकी थक्क झाले की रडायचंही विसरले आणि आत जाऊन दुसरा पाय घेतला. त्या दिवशी आईनं मला दारातच थांबवून डोक्यावरून आंघोळ घातली होती.

सारिका मात्र या सगळ्यात माशासारखी पोहायची. तिचे आई-वडील फुलंब्रीकडचे. थोडी शेती गावाकडं भावांकडं ठेवून वडील वाळूजच्या कंपनीत लागले होते, घर मुकुंदवाडीत. ती दवाखान्यातल्या म्हाताऱ्यांशी त्यांच्याच बोलीत भांडायची आणि ड्रिलमध्ये अशी चालायची की बघत राहावं. सिस्टरची ती लाडकी होती. तसं त्या कधी बोलल्या नाहीत, पण स्वतःच्या डब्यातला अर्धा भाग तिच्यासाठी राखून ठेवायच्या. कारण सारिका घरून निघायची अंधारात आणि डबा तिचा दुपारच्या सुट्टीआधीच संपलेला असायचा.

आम्ही नववीत असताना शाळेचा मोठा समारंभ ठरला. मुंबईहून एक बडे पाहुणे येणार होते. त्यांना आमच्या तुकडीनं मानवंदना द्यायची. दिवस नवरात्रातले, ऊन ऑक्टोबरचं. आपल्या शहरात ज्यानं ते ऊन अंगावर घेतलंय त्याला वेगळं सांगायला नको. पाहुणे सकाळी येणार होते. ते आले नाहीत. निघालेत, रस्त्यात आहेत, वेरूळला लेणी बघायला थांबलेत, आता निघतीलच, असे निरोप येत राहिले. मांडवात बसलेल्या लोकांना सरबत गेलं. आम्ही सिमेंटच्या पट्ट्यावर, उघड्यावर, दोन रांगांत. मधूनमधून विश्राम मिळायचा, पुन्हा फाटकाशी गाडी वाजली की सावधान.

सारिका पुढच्या रांगेत, माझ्या डाव्या हाताला. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मग ती म्हणाली, अगदी स्पष्ट, "मॅडम, चक्कर येतीय."

सिस्टर समोर चार हातांवर उभ्या होत्या. खाकीत, घामानं भिजलेल्या. त्यांनी ऐकलं. त्या म्हणाल्या, "सावधानमधी बोलायचं नाय."

थोड्या वेळानं सारिका परत म्हणाली. या वेळी आवाज बारीक होता. "मॅडम..."

"सावधान."

त्यानंतर ती बोलली नाही. ती सरळच्या सरळ पुढं कोसळली. गुडघे वाकले नाहीत, हात पुढं आले नाहीत. एखादी शिडी पडावी तशी. पट्ट्याच्या कडेला डोकं आपटल्याचा आवाज मी ऐकला. त्या आवाजाचं वर्णन मी आजवर कुणाजवळ केलेलं नाही आणि इथंही करणार नाही. बँडवाल्यांना वाटलं पाहुणे आले. त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

सिस्टरनी तिला एकटीनं उचललं. तिला खांद्यावर घेऊन त्या फाटकाकडं धावल्या, तेव्हा समोरून पाहुण्यांची गाडी आत येत होती. गाडीच्या काचेवर थाप मारून त्या ओरडल्या, "उतरा! उतरा खाली!" पाहुणे उतरले. त्याच गाडीतून सारिका दवाखान्यात गेली.

मेंदूत रक्त साकळलं होतं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण ती शुद्धीवर येईना.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत एक गोष्ट फिरायला लागली. सारिकाचा नवरात्राचा उपवास होता. उपाशीपोटी उन्हात उभी राहिली, कुणाला सांगितलं नाही, आणि पडली. मदर स्वतः दवाखान्यात जाऊन सारिकाच्या आई-वडिलांना हेच सांगून आल्या. त्यात खोट काढावी असं काही नव्हतंही, कारण सारिकाच्या आईनं खरंच तिला या वर्षी पहिल्यांदा उपवास धरायला लावला होता. घरी घट बसले होते. नंतर मला मदरनी खोलीत बोलावलं. "तू तिच्या शेजारी होतीस. पण बँड वाजत होता, तुला काही ऐकू आलं नसणार," असं त्यांनी मला विचारलं नाही, सांगितलं. मी घरी येऊन आई-बाबांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. आईनं विचारलं, "आणि तुमच्या त्या सिस्टर? त्या काय म्हणतात?"

सगळी शाळा त्याचीच वाट बघत होती. सोमवार आला. राष्ट्रगीत संपलं. सिस्टर पुढं आल्या. पांढरी साडी, कॅनव्हासचे बूट. त्यांनी तोंड उघडलं आणि मदरनी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "नो, सिस्टर." इतकंच. सिस्टर तशाच उभ्या राहिल्या, मग वळून आपल्या जागेवर गेल्या.

त्यांना बोलताना ऐकून आम्हाला पुष्कळदा धक्का बसला होता. त्यांना गप्प बसलेलं बघून जो बसला तो वेगळाच होता. कुणी कुणाकडं बघितलं नाही. वर्गात गेल्यावर एक मुलगी बाकावर डोकं टेकून रडायला लागली. ती सारिकाची मैत्रीणही नव्हती.

नंतर कळलं की त्यांना वरून आज्ञा झाली होती. जोगीण होताना आज्ञापालनाचं व्रत घ्यावं लागतं. वडीलधाऱ्या जोगिणींनी गप्प राहा म्हटलं की गप्प राहायचं. तो आठवडाभर त्या रोज दवाखान्यात जाऊन बसायच्या. आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर सारिकाची आई बसलेली असायची. ती कपाळ बडवत एकच बोलायची, "मीच मारली माझी लेक. मीच धरायला लावला उपास. देवीनं काय पाहिलं अन् काय केलं." सारिकाच्या वडिलांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. गावाकडून सासू आली होती, तीही तिलाच बोलत होती. सिस्टर शेजारी बसून हे सगळं ऐकत होत्या. आज्ञा पाळत.

पुढच्या सोमवारी राष्ट्रगीत संपल्यावर मदरनी लगेच बातम्या वाचणाऱ्या मुलीला पुढं बोलावलं. ती मुलगी माईकपाशी पोचायच्या आत सिस्टर मैदानाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या होत्या. परेडचा आवाज त्यांनी लावला. रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांनाही ऐकू जावा असा.

"पोरीहो. सारिका उपाशी नव्हती. त्या दिवशी सकाळी तिनं माझ्या डब्यातली पोळी-भाजी खाल्ली. तिच्या उपासाचा, तिच्या आईचा, तिच्या देवीचा ह्यात काही दोष नाय. तिनं मला दोनदा सांगितलं. मी दोनदा ऐकलं अन् तिला उभी ठेवली. शाळेनं तिच्या आईबापाला सांगितलं ते खोटं हाय, अन् मी आठ दिवस त्या माउलीच्या शेजारी बसून ते खोटं ऐकत राहिले. मला गप्प राहायची आज्ञा हाय. ती मी मोडतेय."

त्या थांबल्या. एवढ्या मोठ्या मैदानावर फक्त झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती. मदरचा चेहरा पांढरा पडला होता. पाचवीच्या रांगेतून एक बारीक आवाज आला, "सिस्टर, किती चक्कर?"

सिस्टर तिच्याकडं वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं.

"ह्याला चक्कर नाय, बाळा. ह्याची शिक्षा मी नाय ठरवायची."

आणि त्या फाटकाकडं चालू लागल्या. फाटकावरच्या शिपाईमामांना दार उघडावं की नाही कळेना. मदरकडं बघून, मग सिस्टरकडं बघून त्यांनी दार उघडलं आणि स्वतःच त्यांच्या मागोमाग निघाले. पोलीस ठाण्यात काय झालं ते मामांच्याच तोंडून नंतर सगळ्या शाळेला कळलं. साहेबांनी सिस्टरना खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, "बोला सिस्टर, तक्रार कुणाविरुद्ध द्यायचीय?"

"माझ्याविरुद्ध."

साहेबांना वाटलं, सिस्टरना मराठी नीट येत नसावं. त्यांनी हिंदीत विचारलं.

त्या संध्याकाळी आई म्हणाली, "चल, आपण सारिकाला बघून येऊ." आईनं स्वतःहून दवाखान्यात जायचं नाव काढलं याचंच मला नवल वाटलं. आम्ही पोचलो तेव्हा आयसीयूच्या बाहेर सारिकाचे आई-वडील आणि त्यांच्यासमोर सिस्टर उभ्या होत्या. सकाळी मैदानावर बोलल्या तेच त्यांना शब्दाला शब्द सांगून झालं होतं. ठाण्यात जबाब दिला हेही.

सारिकाचे वडील कमी बोलणारा माणूस. कंपनीचा निळा शर्ट अंगावर तसाच होता. ते म्हणाले, "तुमची कबुली तुमच्यापाशी ठेवा. मला काय करायचीय तिला? डॉक्टर म्हणतेत डावा हात जाईल. हात द्या माझ्या लेकीचा माघारी."

सिस्टरनी मान खाली घातली नाही, हात जोडले नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता तरी ह्यांनी माफी मागावी. त्यांनी मागितली नाही.

सारिकाची आई बाकावरून उठली. आठ दिवसांत तिचं निम्मं माणूस राहिलं होतं. सिस्टरच्या अगदी जवळ येऊन तिनं विचारलं, "खाल्लं व्हय तिनं?"

"व्हय."

"काय खाल्लं?"

"दोन पोळ्या. अन् दोडक्याची भाजी."

"दोडका?" ती बघतच राहिली. "दोडका तर खातच नाय ती. ताटात वाढला तर उठून जाती."

"मला म्हणली, लई आवडतो."

सारिकाच्या आईच्या तोंडून आधी हसू फुटलं. मग ती जी रडायला लागली, ती माझ्या आईनं तिला धरलं नसतं तर खालीच पडली असती. रडता रडता एकच म्हणत होती, "खाल्लं गं बाई तिनं. पोटभर खाल्लं." सारिकाचे वडील भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

सारिकाला शुद्ध आली ती दसरा उलटून गेल्यावर. बोलणं हळूहळू परतलं, डावा हात परतला नाही. पोलीस केस झाली. मदरची बदली झाली, सिस्टरची खाकी गेली, शाळाही गेली. त्यांना लांब कुठंतरी पाठवणार होते. त्यांनी वरिष्ठांना विनवलं की कुठलंही काम द्या, हवं तर स्वयंपाकघरात टाका, पण शहर सोडायला लावू नका. व्रत मोडलेल्या जोगिणीचं कोण ऐकणार? पण का कोण जाणे, ऐकलं. हर्सूलकडं त्यांच्या संस्थेचं एक छोटं घर आहे, तिथं त्यांना ठेवलं.

तिथून त्या रोज सकाळी बस पकडून मुकुंदवाडीला यायला लागल्या. सारिकाचे वडील दार उघडायचे नाहीत. त्या ओट्यावर बसायच्या आणि दुपारी परत जायच्या. गल्लीतल्या लोकांना तमाशा झाला. शेवटी एके दिवशी वडील कामावर गेल्यावर सारिकाच्या आईनं दार उघडलं आणि म्हणाली, "नुसतं बसून काय उपेग? मी पोरीचा हात चोळत बसते, इकडं धाकट्याला डबा मिळत नाय. भाकरी येती का थापता?"

"येती."

मी सारिकाला भेटायला गेले तेव्हा आत चुलीपाशी, म्हणजे गॅसच्या ओट्यापाशी, पांढऱ्या साडीत, हात पिठानं भरलेले, सिस्टर भाकरी थापत होत्या. मी दारातच थबकले. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "चप्पल बाहेर काढ. आजच सारवल्यासारखी फरशी पुसलीय."

असं किती वर्षं चाललं ते मी मोजलं नाही. सारिकाच्या वडिलांनी केस पुढं चालवली नाही, पण ते सिस्टरशी कधी बोललेही नाहीत. त्यांनी भाकरी मात्र खाल्ली. भाकरी कुणाच्या हातची हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असणार. बायकोची भाकरी पातळ असते.

सारिका त्या काळात सिस्टरवर भयंकर चिडायची. हाताचे व्यायाम करून घेताना त्या सवयीनं परेडचा आवाज लावायच्या आणि ही उजव्या हातानं मिळेल ते फेकून मारायची. एकदा वाटी लागून सिस्टरची भुवई फुटली. त्यांनी पदरानं रक्त दाबलं आणि म्हणाल्या, "नेम चांगला हाय. आता डाव्यानं मार." सारिका त्या दिवशी हसली की रडली, तिलाच नीट आठवत नाही.

आता ती एका सहकारी संस्थेच्या ऑफिसात नोकरी करते. लग्न झालंय, एक मुलगी आहे. मी नोकरीनिमित्त पुण्यात असते. दिवाळीत आले की भेटतो. गेल्या दिवाळीत मी तिला सरळच विचारलं, "तुला अजून राग येतो का गं त्यांचा?"

"येतो ना. वेणी घालायची असली की येतो. पोरीची वेणी. तिला आत्याकडं पाठवावं लागतं." मग म्हणाली, "पण त्यांनी कधी माफी मागितली नाही, ते बरं केलं. मागितली असती तर मला द्यावी लागली असती. सगळ्यांनी द्यायला लावली असती."

तिच्याच स्कूटरवरून आम्ही हर्सूलला गेलो. चालवत होते मी. सिस्टर आता थकल्यात. गुडघे गेलेत, ऐकायला कमी येतं. अंगणात खुर्ची टाकून उन्हात बसल्या होत्या. सारिका आत जाऊन तिथल्या जोगिणींशी गप्पा मारायला लागली. तिला तिथं घरच्यासारखं आहे. मी सिस्टरजवळ बसले. खूप वर्षांपासून मनात होतं ते विचारलं, "सिस्टर, त्यानंतर तुम्ही सोमवारी कधी धावला नाहीत?"

"नाय."

"का?"

"चक्कर मारली की मोकळं वाटायचं." त्या हाताच्या शिरा चोळत होत्या. "दर सोमवारी मोकळं. लई वाईट सवय लागली होती मला. मोकळं व्हायची."

आत सारिका मोठ्यानं हसत होती. मग न राहवून मी ते विचारलं, जे त्या दिवशी मैदानावर कुणी विचारलं नव्हतं, पोलिसांनी विचारलं नव्हतं, सारिकाच्या वडिलांनीही नाही. "तुम्हाला तर ती सगळ्यांत जवळची. दोनदा म्हणाली. मग तुम्ही तिला खाली का बसू दिलं नाही? पाहुण्यांना घाबरलात?"

"पाहुण्यांना?" त्यांना हसू आलं. "पाहुण्याला कोण भितं?"

"मग?"

त्यांनी आत, सारिकाच्या आवाजाच्या दिशेनं बघितलं. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मी पुन्हा विचारणार तोच त्या माझ्याकडं वळल्या. शाळाभर घुमणारा तो आवाज आता इतका खाली आला होता की मला वाकून ऐकावं लागलं.

"रांग लई सुंदर दिसत होती गं," सिस्टर म्हणाल्या.